वयाला शोभेल असं, की अंगाला बसेल असं?

प्रश्न असा आहे: ‘वय ६४. दीड वर्षापूर्वी नोकरी संपली. कपाट ऑफिसच्या कपड्यांनी भरलंय, पण त्यातलं काहीच आता माझं वाटत नाही. मुलगी म्हणते, आई, वयाला शोभेल असं घाल. मैत्रीण म्हणते, केस रंगव, दहा वर्षांनी लहान दिसशील. मध्येच मी एक हळदी रंगाचं जाकीट घेतलं. सहा महिने झाले, लेबलासकट लटकतंय. या वयात स्वतःची शैली वगैरे शोधणं हास्यास्पद आहे का? आणि शोधायची तर सुरुवात कुठून?’

ताई, मी शिवणकाम करते, ३६ वर्षं झाली. सुरुवातीला माझ्याकडे सगळ्या विशी-तिशीतल्या यायच्या. आता बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या येतात, कारण त्याच त्या बायका आहेत आणि त्यांच्याबरोबर मीही साठीला पोचले. तेव्हा फॅशनमधल्या माणसाचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. गळ्यात टेप अडकवून समोर उभ्या असलेल्या बाईचं मिळेल.

‘सुरुवात कुठून’ हा तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत. माप नव्याने घ्या. ‘यातलं काहीच माझं वाटत नाही’ हे वाक्य वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तुमच्या मनाच्या आधी तुमचा खांदा आला.

चाळिशीनंतर माणसाची उंची दर दहा वर्षांना साधारण १ सेंटिमीटरने कमी होते, सत्तरीनंतर जरा जास्त. मणक्यांमधल्या चकत्या बसतात, पाठीला हलका बाक येतो, मान पुढे जाते, खांदे पुढे वळतात. शिंप्याच्या हिशेबात याचा अर्थ पाठीची उंची वाढली आणि पुढची घटली. जुना कपडा मग मागून वर चढतो, पुढून लोंबतो आणि गळा मागे सरकून पुढे घशाला लागतो. पाळी थांबल्यावर, म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत ४५ ते ५५च्या दरम्यान, चरबी मांड्या-कुल्ल्यांकडून पोटाकडे सरकते. कंबर भरते, सीट सपाट होते. छातीचा उंचवटा खाली येतो, पण टक्सचं, म्हणजे छातीपाशी घातलेल्या चिमटीचं, टोक होतं तिथेच राहतं आणि रिकाम्या जागी फुगून बसतं. बाई आरशात बघते आणि म्हणते, मी बेढब झाले. काही बेढब झालेलं नसतं. अंगावरचा कपडा दुसऱ्या बाईच्या मापाचा असतो, आणि ती दुसरी बाई म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या तुम्ही.

माप दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा. श्वास रोखायचा नाही, पोट आत ओढायचं नाही, फोटोसाठी करतो तशी पाठ ताठ करायची नाही. रोज जशा उभ्या राहता तशा, रोज घालता तेच आतले कपडे घालून. मानेच्या मागच्या हाडापासून कमरेपर्यंत एक माप. खांद्यावर गळ्याच्या कडेपासून छातीच्या उंचवट्यावरून कमरेपर्यंत दुसरं. दोन्ही खांदे वेगवेगळे मोजा, ते सारखे नसतात. दंडाचं माप हात लोंबता ठेवून आणि कोपरात वाकवून, असं दोनदा. आकडे कागदावर लिहा, वर तारीख घाला, आणि कृपा करून जुन्या आकड्यांशी ताडून बघू नका. वजनकाट्यावर उभं राहिल्यासारखं तोंड करणाऱ्या बायका मी रोज बघते. टेप काही प्रगतिपुस्तक देत नाही हो.

आता कपाट. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे पलंगावर ढीग घालून ठरवू नका. ढिगात बसलं की आठवणी निघतात, निर्णय निघत नाही. त्यापेक्षा एकेक कपडा दिवसभर अंगात घाला, घरातच, आणि आपला हात कुठे जातो ते बघा. पुढचा गळा सारखा खाली ओढताय? मग मागची उंची कमी पडतेय. खांद्यावरून घसरणारं कापड सारखं वर घेताय? गळारुंदी जास्त आहे. वरच्या फळीवरचा डबा काढताना सगळा कपडा वर येतो आणि मग तुम्ही तो दोन्ही हातांनी खाली खेचता? मुंढा, म्हणजे बाही जोडायची बगलेजवळची गोलाई, फार खोल कापलाय. बायकांना वाटतं ढगळ मुंढा म्हणजे आरामशीर. उलट आहे. मुंढा बगलेच्या जवळ बसला की हात एकटा वर जातो. खोल असला की हाताबरोबर अख्खा कपडा वर जातो. तीन-चार दिवसांत तुमच्या हातानेच तुम्हाला यादी करून दिलेली असेल.

दुरुस्त करता येण्यासारखं काय आणि सोडून द्यावं असं काय, हे कपडा उलटा करून कळतं. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. नाव ठेवणारा शहाणा असावा. माया असेल तर कपडा तुमच्याबरोबर रुंद होतो, नसेल तर पहिल्या ताणात उसवतो. तयार कपड्यांत ती जेमतेम सेंटिमीटरभर असते, म्हणून तो घट्ट झाला की झाला. नवं घेताना खांदा बसतोय का ते पाहा आणि कंबर, लांबी, बाही शिंप्यावर सोडा. खांदा दुरुस्त करायचा तर बाही उतरवावी लागते, कॉलर असली तर तिलाही हात लावावा लागतो, अर्धा कपडा नव्याने शिवल्यासारखं होतं. मी ते काम घेते, पण कुरकुर करत.

एवढं झालं की कपाटातला बराचसा परकेपणा जातो. सगळा जात नाही, आणि उरलेला शिंप्याच्या हातात नाही. तिकडे येते.

तुमची मुलगी आणि तुमची मैत्रीण, दोघी एकमेकींच्या विरुद्ध बोलतायत असं तुम्हाला वाटतंय. मला दोघी एकच बोलताना दिसतात. वय हा डाग आहे, हे दोघींनी धरून चाललंय. एक म्हणते त्यावर पांघरूण घाल, दुसरी म्हणते घासून काढ. मी हे तावातावाने सांगतेय, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. धंद्यात नवी होते. साठीच्या एक बाई जर्द जांभळं कापड घेऊन आल्या, बिनबाह्यांचा झगा शिवायचा म्हणाल्या. मी त्यांच्या दंडांकडे बघितलं आणि माझ्या अकलेने त्याला कोपरापर्यंत बाह्या लावल्या. न विचारता. वर गळाही वर घेतला. मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकार केले. त्यांनी ट्रायलला तो घातला, शांतपणे उतरवला आणि म्हणाल्या, ‘तुला शिवायला दिलं होतं, लपवायला नाही.’ बाह्या उसवून दिल्या मी त्यांना, पण त्या पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून माप घेताना मी एक प्रश्न विचारते: यातलं काय दिसलेलं तुम्हाला आवडेल? काय झाकू, असं विचारत नाही. पहिल्यांदा बऱ्याच जणी गप्पच होतात. मग कुणी मनगट म्हणते, कुणी मान, एक जण म्हणाली ‘माझे पांढरे केस, कापड त्यांना शोभेल असं दे’.

यावरून जॉर्जिया ओकीफ आठवते. अमेरिकन चित्रकार, १८८७ साली जन्मली, ९८ वर्षं जगली. शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डरने तिला तिच्या आद्याक्षरांचा एक पितळी ब्रूच घडवून दिला होता. तिच्या कितीतरी फोटोंत तो दिसतो. पुढे केस पांढरे झाल्यावर तिला वाटलं, पितळ आता केसांना साजत नाही. मग तिने काय केलं? तसाच्या तसा ब्रूच चांदीत करून घेतला, तोही भारतात आली असताना. ब्रूचसाठी केस रंगवले नाहीत, केसांसाठी ब्रूच बदलला. तुम्ही विचारलेल्या ‘शैली’ची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही. हात नेहमी वस्तूला लावायचा असतो, अंगाला नाही.

केस रंगवू नका असं मी म्हणत नाहीये. रंगवावेसे वाटले तर खुशाल रंगवा, आवड म्हणून. फक्त पांढरे ठेवलेत तर एक लक्षात घ्या: चेहरा आणि केस यांच्यातला गडद-फिका फरक बदललेला असतो, म्हणून तिशीत खुलणारा रंग आता चेहरा ओढलेला दाखवतो आणि तेव्हा कधी न शोभलेला एकदम खुलतो. बेज आणि राखाडी ‘सोज्ज्वळ’ म्हणून पांढऱ्या केसांच्या बायकांच्या माथी मारतात. माझ्या आरशासमोर तेच रंग सगळ्यात जास्त वेळा नापास झालेत. नियम सांगत नाही, कापड हनुवटीखाली धरून बघा. पण ते दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, दुकानाच्या दिव्याखाली नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळ्या छटा ओळखायला जड जातात. गर्द निळं आणि काळं यांत गल्लत होते. दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालून आलेल्या बाईला हसू नका, तिच्या घरातला बल्ब कमी प्रकाशाचा आहे.

आता एका गणिताच्या बाईंची गोष्ट सांगते, कारण शैली म्हणजे भडक काहीतरी, असा समज तुमच्या पत्रात कुठेतरी दडलेला वाटला. निवृत्त शिक्षिका, वय तेव्हा ७१. आल्या त्या वही घेऊनच. म्हणाल्या, खिसा या वहीच्या मापाचा, वही आडवी बसली पाहिजे, आणि दुसरा चष्म्याचा, त्याला आतून मऊ अस्तर. वहीला टेप लावून मी माप घेतलं, तर त्यांनी मला थांबवलं: ‘पेन्सिल अडकवलेली धर, तिची जाडी मोजली नाहीस.’ ट्रायलला सदरा अंगात घालून त्या आरशाकडे वळल्याच नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि उजवा हात फळ्यावर लिहिल्यासारखा वर नेला, मग तिरका खाली आणला, जणू भागाकार मांडतायत. खालची कड जागची हलली नाही, तेव्हा म्हणाल्या, पास. त्याच बेताचे सहा शिवून घेतले, सहा रंगांत. सकाळी काय घालू हा प्रश्न त्यांना आयुष्यात पुन्हा नको होता. त्या रस्त्याने चालल्या की लांबून ओळखू येतात. त्यांच्या त्या सदऱ्यात मला आजवर पाहिलेल्या कुठल्याही पार्टीच्या झग्यापेक्षा जास्त शैली दिसते. ओकीफचंही असंच होतं म्हणा, एक बेत जमला की तोच पुन्हा पुन्हा शिवायचा.

दुसरं टोक म्हणजे आयरिस ॲपफेल, भडक पेहरावासाठी गाजलेली न्यूयॉर्कची बाई. मोठ्ठा गोल काळा चष्मा, कोपरापर्यंत बांगड्या. तिचे फोटो दाखवून ‘असं काहीतरी हवंय’ म्हणणाऱ्या बायका मला भेटतात. मी सांगते, चष्मा घेता येईल, बाकीचं येणार नाही. या बाईने नवऱ्याबरोबर १९५० साली कापडाची कंपनी काढली, चार दशकं जुन्या वीणकामाच्या नकला करवून घेतल्या, जगभर हिंडून दागिने जमवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तिच्या कपड्या-दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं ते २००५ साली, तेव्हा ती ८४ वर्षांची होती. ९७व्या वर्षी मॉडेलिंगच्या एजन्सीशी करार केला, आणि २०२४ साली गेली तेव्हा १०२ वर्षांची होती. म्हाताऱ्या बाईने अचानक धीट व्हायचं ठरवलं, अशी ती गोष्ट नव्हेच. पन्नास वर्षं जे बघितलं, हाताळलं, विकलं, तेच तिने अंगावर घातलं. तुम्ही ऑफिसात तीस-पस्तीस वर्षं काय हाताळलंत? कागद, रंग, माणसं, वेळ? वहीवाल्या बाईंचा खिसा त्यांच्या फळ्यापाशीच सापडला. तुमचंही तिकडेच कुठेतरी असणार.

अंगाच्या तक्रारींबद्दल चार गोष्टी पटकन सांगते. बोटं दुखत असतील तर मागची हुकं आणि बारीक मण्यांची बटणं सोडा. पुढे उघडणारं घ्या, बटण निदान अंगठ्याच्या नखाएवढं, आणि काज आडवं. चुंबकाची बटणं सोयीची असतात, पण पेसमेकर असेल तर छातीवर चुंबक अजिबात नको. त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून लेबलं उसवून टाका आणि शिवणीची आतली कड मऊ पट्टीने झाकून घ्या, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लावली तर जाड वाटत नाही. मध्येच घामाच्या लाटा येत असतील तर एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ बरे, वरचा पटकन निघणारा. पाय वयाबरोबर पसरतात, तेव्हा चपला-बूट घेताना तेही पुन्हा मोजा, दोन्ही पाय, संध्याकाळी. लांबी अशी ठेवा की जिना चढताना कड हातात धरावी लागणार नाही. साठीनंतरचं पडणं साधं नसतं. यात शैली-बिली काही नाही, हाडांचा प्रश्न आहे.

तुमच्या प्रश्नात दृष्टिकोनाबद्दलही काहीतरी होतं, शब्द वापरला नसलात तरी. ‘या वयात’ हे दोन शब्द ज्या सुरात लिहिलेत त्यात होतं. बेका लेव्ही नावाच्या संशोधक बाईंचा २००२ सालचा एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांना त्यांच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते आधीच विचारून ठेवलेलं होतं. ज्यांना त्याबद्दल बरं वाटत होतं, ते बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. आता अशा अभ्यासावरून ‘हसा आणि जगा’ छापाची पाटी मी लावणार नाही. आजारी माणसाला म्हातारपण गोड वाटत नाही, एवढं मलाही कळतं, आणि त्यांनीही तब्येतीचा फरक हिशेबात धरला होता. पण माझ्या ट्रायलच्या खोलीत मला जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. ज्या बाईला स्वतःचं वय सांगताना आवाज खाली घ्यावा लागत नाही, तिचं माप घ्यायला निम्मा वेळ लागतो. ती हात बाजूला करते, सरळ उभी राहते, ‘इथे ढिलं ठेव’ म्हणून मोकळी होते. बाकीच्यांचा वेळ माफी मागण्यात जातो. पोटाबद्दल माफी, दंडाबद्दल माफी, मला, शिंपिणीला!

लॉरा कार्स्टन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणखी एक गोष्ट मांडलीय, आणि ती मला जास्त पटते. पुढचा काळ थोडा उरलाय असं जाणवलं की माणसं आपोआप निवड करू लागतात. गोतावळा कमी करतात, पण ठेवलेल्या माणसांना घट्ट धरतात. त्याला एकटं पडणं म्हणायचं कारण नाही. कपाटाचंही तसंच होत असावं. तुम्हाला ऑफिसचे कपडे परके वाटतात कारण ते बघणारी माणसं निघून गेली. ते कपडे वाईट नव्हते, त्यांचं काम संपलं. एखाद-दुसरा ठेवा, ज्यात एखादा चांगला दिवस गेला असेल. बाकीचे ज्याला नोकरीवर घालायचेत त्याच्याकडे जाऊ द्या.

मुलीचं काय करायचं? माझ्याकडे आई-मुलीची जोडी आली की मुलगी बोलते आणि आई कापडाची कड चुरगाळत बसते. मी मुलीला गोड बोलून बाहेर बसवते. दार लागलं की आईचा आवाज बदलतो. मुलींच्या मनात वाईट काही नसतं. आईने रंगीत कपडा घातला की लोक बघतील, आणि बघितलं की आई म्हातारी झालीय हे दिसेल, अशी काहीतरी धास्ती असते. तुमच्या मुलीशी वाद घालू नका, तिला तिच्या वयाला शोभेल असं घालायला मोकळी सोडा. कुणी हसेल का? एखाददुसरं हसेल. मीही गेल्या वर्षी लाल बूट घेतले तेव्हा समोरच्या दुकानातला मुलगा हसला होता. आता तेच बूट दिसले की मी येतेय हे त्याला लांबूनच कळतं.

आता ते हळदी जाकीट. आजच बाहेर काढा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर येते का ते बघा. ती जुळत असेल तर जाकीट तुमचं आहे. बाही अर्धा-पाऊण इंच लांब असणार, तयार जाकिटांची बहुतेकदा असते. मनगटाचं हाड दिसेल एवढी आखूड करून घ्या, अस्तरासकट, नुसती दुमडून तुरपाई नको, ती धुतल्यावर निसटते. पुढची कड मागच्यापेक्षा खाली येत असेल तर पुढून तेवढी उचलायला सांगा. लेबल कापा. आणि खिशात बोट घालून बघा. जात नसेल तर खिसा खोटा आहे असं समजू नका. नव्या जाकिटांचे खिसे दुकानात लोंबू नयेत म्हणून वरून टाचलेले असतात. बारीक कात्रीने तो एक धागा कापा आणि ओढून काढा.